ताशाचे हात आणि ड्रमचा पाय

पत्र : मी मिरजेत राहतो. वय ३१, नोकरी कुपवाड एमआयडीसीत. नऊ वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतोय. मे महिन्यात मित्रासोबत अर्धे अर्धे पैसे घालून जुना ड्रमसेट घेतला. तो सांगलीत गावभागात, मित्राच्या तळमजल्यावरच्या खोलीत आहे. मला तिथं फक्त शनिवार-रविवारी जाता येतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकतोय. हाय-हॅट (पायानं उघडबंद होणारी झांजांची जोडी) आणि स्नेअर (खाली तारा असलेला छोटा ड्रम) दोन दिवसांत जमलं, पण बेस ड्रमचा, म्हणजे मोठ्या ढोलाचा, पाय घातला की सगळं कोसळतं. उजवा हात पायाच्या मागं पळतो. शिवाय स्नेअर खडखडते, बेस ड्रम पुढं सरकतो. कोजागिरीला आमच्या ग्रुपला सोसायटीच्या गच्चीवर दोन गाणी करायची आहेत. घरी सेट नाही, मग रोजचा सराव कसा करू? आणि मुळात सुरुवात कुठून करू?

उत्तर :

तुमचा पाय ठीक आहे. गडबड हातांच्या सवयीत आहे. ताशावर दोन ठोक्यांमध्ये जागा दिसली की ती तर्रीनं, म्हणजे भरभर सलग ठोक्यांनी, भरायची, हे नऊ वर्षांत मनगटात मुरलंय. पथकात ते शोभतं, कारण खाली पंचवीस-तीस ढोल ठोका धरून उभे असतात. ड्रमसेटवर तुमच्या खाली कुणीच नसतं. लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल एकाच्या गळ्यात, साईड ड्रम दुसऱ्याच्या आणि झांजा तिसऱ्याच्या हातात असतात. ही तिघं माणसं एका स्टुलावर बसवली की ड्रमसेट होतो, आणि ते जमलं पायाच्या पेडलमुळं. अमेरिकेत विल्यम लुडविग यांनी १९०९ मध्ये ज्या पेडलचं पेटंट घेतलं ते बाजारात चाललं आणि मोठा ढोल हातातून पायाकडं आला.

म्हणून तुम्ही शिकायचा क्रम उलटा लावा. आधी पायातला ढोलवाला, मग हाय-हॅट, आणि ज्यात हात तयार आहे ती स्नेअर सगळ्यात शेवटी. व्हिडिओत बहुतेक वेळा हातांपासून सुरुवात असते. नवख्या माणसाला ते ठीक आहे. ताशावाल्याला मात्र तसं केलं की हात आधीच धावत सुटतात आणि पाय त्यांच्या मागं फरफटतो.

वाजवण्याआधी सेटची मांडणी बघू, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच आहेत. स्टुलावर बसल्यावर मांडी गुडघ्याकडं किंचित उतरती हवी. गुडघा कमरेपेक्षा वर गेला की पाय उचलताना कंबर ओढते आणि वीस मिनिटांत पाठ दुखायला लागते. बहुतेकांना ५० ते ५५ सेंटिमीटर उंची बसते. बसून पाय सहज पुढं टाका. उजवा तळवा जिथं पडेल तिथं पेडल आणायचं, पेडल असेल तिथं पाय न्यायचा नाही. त्यामुळं बेस ड्रम नाकासमोर न राहता थोडा उजवीकडं जातो, तो तसाच असू द्या. स्नेअरचा काठ मांडीच्या दोन-तीन बोटं वर. हाय-हॅट स्नेअरपेक्षा वीतभर उंच. ती खाली असली तर उजवा हात डाव्याच्या वाटेत येतो आणि काठ्या एकमेकींवर आपटतात.

बेस ड्रम सरकतो, कारण खाली गुळगुळीत फरशी किंवा नुसती सतरंजी असणार. सतरंजी ड्रमसकट सरकते. खडबडीत पाठीचा जाड गालिचा टाका, आणि तो इतका मोठा हवा की स्टुलाचे पायही त्याच्यावरच आले पाहिजेत. मग तुमच्याच वजनानं गालिचा जागेवर राहतो. ड्रमच्या पुढच्या दोन पायांची रबरी टोकं फिरवून आतली अणकुचीदार टोकं बाहेर काढा आणि पाय असे लावा की ड्रमची पुढची कड जमिनीपासून दोन-अडीच सेंटिमीटर उचललेली राहील. पेडलची पकड लाकडी कडीला घट्ट आहे का बघा. जुन्या सेटमध्ये तो स्क्रू हमखास झिजलेला असतो. ड्रम घुमत असेल तर आत एक पातळ उशी ठेवा, दोन्ही पानांना (ड्रमवर ताणलेल्या पडद्यांना) जेमतेम टेकेल अशी. उशी ठासून भरली तर पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा आवाज येतो.

हाय-हॅटच्या दोन झांजांमध्ये पाय उचलल्यावर अंगठ्याच्या जाडीएवढी फट हवी. खालच्या झांजेखाली एक छोटा स्क्रू असतो. तो थोडा पिळून झांज किंचित तिरकी करा. दोन्ही झांजा अगदी सपाट मिळाल्या तर हवा आत कोंडते आणि पायानं बंद करताना ‘चिक्’ असा चोख आवाज येत नाही.

आता खडखडणारी स्नेअर. पान प्लास्टिकचं आहे. हलगीसारखं जाळावर शेकून ते चढत नाही, चावीनंच आवळावं लागतं. पद्धत समोरासमोरची. सगळे बोल्ट आधी बोटानं टेकेपर्यंत फिरवा, मग एक बोल्ट अर्धा फेरा आणि लगेच त्याच्या बरोबर समोरचा अर्धा फेरा. दोन फेऱ्या झाल्या की प्रत्येक बोल्टापासून दोन बोटं आत काठीच्या टोकानं हलकं टिचकवून ऐका. जिथं आवाज खाली लागेल तो बोल्ट पाव फेरा चढवा. खालचं पान फार पातळ असतं, त्याच्यावर काठी मारू नका.

खालच्या पानाला टेकलेल्या तारांची गोष्ट निराळी. मिरजेत राहता, तर तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर तारेखालचं सूत केसभर पुढं-मागं सरकवतो ते पाहिलं असेल. सूत एका जागी आलं की तार बोलायला लागते, आणखी सरकलं की पुन्हा मुकी. स्नेअरच्या बाजूच्या खिट्टीवरचा गोल स्क्रू तसाच हाताळा. आधी तारा इतक्या सैल करा की प्रत्येक ठोक्यानंतर त्या फरफरत राहतील. मग एका हातानं पानाच्या मधोमध हलके ठोके देत दुसऱ्या हातानं स्क्रू अगदी सावकाश आवळा. फरफर आखूड होत जाईल आणि एका क्षणी ठोका कोरडा, नेटका ‘टप्प’ वाजेल. तिथं थांबा. अजून आवळलं तर तारा पानाला चिकटतात, आवाज घुसमटतो आणि मग माणूस उगाच जोरात मारत सुटतो. टॉम, म्हणजे सेटमधले बाकीचे ड्रम, वाजवताना तारा थोड्या कुजबुजतात, ते चालायचंच.

काठ्या ५ए मापाच्या घ्या. सुमारे १६ इंच लांब, १४ मिलिमीटर जाड, हिकरी लाकडाच्या. दुकानात काचेवर किंवा सपाट टेबलावर लोळवून बघा, डगमगत लोळली तर ती वाकडी आहे. ताशाच्या काड्या इथं चालणार नाहीत. त्या हलक्या आणि लवचिक असतात, त्यांना उसळी हात देतो. ड्रमच्या काठीला उसळी तिचं स्वतःचं वजन देतं, हातानं फक्त आड यायचं नाही. मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर अंगठा आणि तर्जनीच्या पहिल्या पेरात काठी धरा, बाकी तीन बोटं नुसती टेकलेली. पडताळा सोपा आहे : काठी पानावर सोडून द्या आणि उसळ्या मोजा. सहा-सात उसळ्या मिळाल्या तर पकड बरोबर. दोन-तीनमध्ये मेली तर तुम्ही काठी आवळताय. अंगठ्याच्या खोबणीत आठवड्याभरात फोड आला तर तेही आवळण्याचंच लक्षण समजा.

आता ठेका. मोजणी तोंडानं, मोठ्यानं, ‘एक नि दोन नि तीन नि चार नि’. मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारं यंत्र किंवा ॲप) ६० वर, प्रत्येक आकड्याला एक टिक.

मोजणी : १ नि २ नि ३ नि ४ नि
हाय-हॅट : × × × × × × × ×
स्नेअर : – – × – – – × –
बेस ड्रम : × – – – × – – –

पहिले दोन दिवस काठ्या हातात घेऊच नका. फक्त पाय, एक आणि तीनवर. टाच टेकलेली ठेवून सुरुवात करा. सुरुवातीला नडगीचा स्नायू दुखेल, तो दोन-चार दिवसांत सैलावतो. ठोका दिल्यावर बीटर (पेडलचा ठोकणारा दांडा) पानावर दाबून धरू नका, परत येऊ द्या. दाबून धरला की आवाज मरतो आणि पुढच्या ठोक्याला पाय उशिरा निघतो. दोन आणि चारवर काहीच वाजत नाही. त्या गप्प जागा तोंडानं मोजत सांभाळणं हाच या दोन दिवसांचा सराव आहे. तुमच्यासारख्या हातांना तो सगळ्यात जड जाईल.

मग उजवा हात हाय-हॅटवर, आठही जागी सारखा. इथं कान लावा. एक आणि तीनवर पाय आणि हात एकदम पडले पाहिजेत. ‘टप्’ असा एकच आवाज आला तर बरोबर, ‘ट्रप्’ असा फुटका आला तर दोघांत फट आहे. वाजवताना ती फट ऐकू येत नाही, म्हणून मोबाईलवर एक मिनिट रेकॉर्ड करा आणि लगेच ऐका. फट असेल तर मेट्रोनोम ५० वर आणा. वेग वाढवून फट झाकली जाते, जात मात्र नाही.

हे तीन मिनिटं न मोडता चाललं की डावा हात दोन आणि चारवर आणा. सलग वाजवत बसू नका. एक आवर्तन वाजवून पुढच्या ‘एक’वर थांबा. मग दोन, मग चार, मग आठ आवर्तनं. दर वेळी थांबायचं ते ‘एक’वरच, पाय आणि हाय-हॅट एकत्र. समेवर येण्याची सवय तुम्हाला आहेच, ती इथं कामी येते.

उजवा हात पायाच्या मागं पळतो म्हणालात, तो बहुधा पायाला दोन ठोके लागोपाठ आले की पळत असेल. पुढचा ठेका नेमका तोच आहे : बेस एकवर, तीनवर आणि तीननंतरच्या ‘नि’वर. पाय दुप्पट चालला की हाताला वाटतं आपणही दुप्पट चालावं. उपाय असा : पायाचे ते दोन ठोके आणि हाताचे ते दोन ठोके जोडीनं पडतात हे आधी सुटं करून बघा. फक्त ‘तीन नि’ एवढाच तुकडा, हात-पाय एकत्र, वीस वेळा. मग त्याला ‘चार’ची स्नेअर जोडा. मग त्याच्या आधी ‘दोन नि’ जोडा. तुकडा मधून दोन्ही बाजूंना वाढवत न्यायचा. सगळं आवर्तन पुन्हा पुन्हा मोडत वाजवलं तर हाताला मोडायचीच सवय लागते.

आणखी एक अडचण आपल्याकडच्या कानाची आहे, आणि इंग्रजी व्हिडिओत ती कुणी सांगत नाही. कान केरव्यात मुरलेला असतो. ‘धा गे ना ती, न क धी ना’ या आठ मात्रा वरच्या आठ खुणांवर बसवून बघा. डग्गा बोलतो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. पाचवीवर ‘खाली’ (तालातली टाळी नसलेली जागा) आहे, डग्गा गप्प. ड्रमच्या ठेक्यात नेमका पाचव्या जागी, म्हणजे ‘तीन’ला, पाय पडायचा असतो आणि सातव्या जागी, म्हणजे ‘चार’ला, स्नेअर. म्हणून भजन ऐकत वाढलेल्या माणसाचा पाय तीनला दचकतो आणि चारला आपणहून खाली जातो. तुमचंही तसं होत असेल तर मोजताना ‘तीन’ हा आकडा मुद्दाम जोरात म्हणा. आठवडाभरात पायाला ती जागा सापडेल.

दादरा मात्र फार सुखानं बसतो. सहा मात्रांना हाय-हॅटचे सहा ठोके, बेस पहिलीवर, स्नेअर चौथीवर, जिथं खाली आहे तिथंच. कोजागिरीच्या दोन गाण्यांपैकी एखादं सहाच्या चालीचं असेल तर हा ठेका घ्या. बाकी चारच्या चालीला वर दिलेला पहिलाच पुरतो. शफल (झुलत्या चालीचा ठेका), स्नेअरवरचे अगदी हळू भरीचे ठोके, उघडी हाय-हॅट यांना आत्ता हात लावू नका. भरीचे ठोके तर तुम्ही सहा महिने तरी टाळा, नाहीतर तर्री मागच्या दारानं परत येईल.

आवाजाची पातळीही ताशापेक्षा वेगळी लागते. ताशावर सगळं एका जोरात चालतं. इथं स्नेअर आणि बेस पुढं, हाय-हॅट मागं. हाय-हॅटवर काठी दोन-तीन इंचच उचला आणि टोकानं वाजवा, स्नेअरला आठ-दहा इंच उचला. उंची सांभाळली की जोर आपोआप सांभाळला जातो.

घरचा सराव असा. शनिवारी टेप घेऊन जा आणि स्टुलाची, स्नेअरची आणि हाय-हॅटची उंची मोजून आणा. घरी तेवढ्याच उंचीची खुर्ची किंवा पाट-उशी करून बसा. दहा इंच चौरस, १२ मिलिमीटर जाड प्लायवुडच्या तुकड्यावर पाच-सहा मिलिमीटरची रबर शीट चिकटवली की सरावाचं पॅड तयार होतं. ते स्नेअरच्या जागी. डावीकडं थोडं उंच, घडी घातलेला टॉवेल म्हणजे हाय-हॅट. पाय अनवाणी, टाच टेकवून चवड्यानं फरशीवर, खाली पायपुसणं ठेवा म्हणजे खालच्या मजल्यावर धडधड जाणार नाही. रोज तीस मिनिटं : पाच मिनिटं नुसते एक-एक ठोके, दहा मिनिटं पाय आणि उजवा हात, दहा मिनिटं पूर्ण ठेका, उरलेल्या वेळात गाणं लावून त्याच्याबरोबर. एखादा ठेका तीन मिनिटं न मोडता चालला तरच मेट्रोनोम चारनं वाढवा. ८० पर्यंत पोचलात की मेट्रोनोम ४० वर लावा आणि त्याची टिक दोन आणि चारला आहे असं धरून वाजवा. एक आणि तीन तुम्हीच शोधायचे. लय खरंच अंगात आली आहे का, ते या एका परीक्षेत कळतं.

पथकाचा सराव आता सुरू झाला असेल. ज्या दिवशी दोन्ही असेल त्या दिवशी ड्रम आधी, ताशा नंतर. उलट केलंत तर मनगट ताठलेलं आणि कान बधिर झालेले असतात, मग हात-पायातली फट ऐकूच येणार नाही. कानांचं गांभीर्यानं घ्या. बंद खोलीत ड्रमसेट १०० डेसिबलच्या वर सहज जातो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या निकषानं ८५ डेसिबल रोज आठ तास चालतात, १०० डेसिबल मात्र पंधराच मिनिटं. त्यात तुमची नऊ वर्षांची मिरवणूक आहे. कारखान्यात मिळणारे फोमचे बोळे इथंही वापरा : बोटात पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचे. रात्री उशीवर डोकं टेकल्यावर कानात शिट्टी वाजत राहत असेल तर थांबा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

आणि सेट गावभागात तळमजल्यावर आहे, दिवस पावसाचे. २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगलीकरांना आठवतात. ड्रमचा सांगाडा प्लायच्या थरांचा असतो. पाणी लागलं की थर सुटतात आणि कड गोल राहत नाही, मग कितीही चावी फिरवा, सूर लागत नाही. आयर्विन पुलाजवळ पातळी वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्या की ड्रम वरच्या मजल्यावर न्या. पानं काढायची गरज नाही. पेडल आणि स्टँड शेवटी राहिले तरी चालतील, ते लोखंड आहे, पुसून तेल दिलं की बहुधा वाचतं. एरवीही पावसाळ्यात पेडलच्या साखळीला आणि स्प्रिंगला पंधरवड्यातून एकदा थेंबभर मशीनचं तेल द्या.

कोजागिरीसाठी दोन गाणी, दोन ठेके. त्यापलीकडं काही घेऊ नका. भराव (ठेका सोडून मधेच ठोक्यांचा तुकडा) घालायचा मोह होईल आणि तुमचे हात तो सुंदर घालतील, पण भरावात तुम्ही पुढं पळणार आणि गायक मागं राहणार. घालायचाच असेल तर आधी असा बसवा : तीन आवर्तनं ठेका, चौथ्यात स्नेअर, टॉम, दुसरा टॉम, फ्लोअर टॉम यांवर चार-चार ठोके, आणि ‘एक’वर बेस आणि क्रॅश (मोठी झांज) एकत्र. तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा) समेवर आली नाही तर कसं वाटतं ते आठवा, हेही तसंच आहे. मेट्रोनोमबरोबर सलग दहा वेळा ‘एक’ चुकला नाही, तरच गच्चीवर न्या.

दूध बारा वाजता असलं तरी ड्रम दहाच्या आत आटपा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली जाते आणि गच्चीवरचा ड्रम चार गल्ल्या ऐकतो. काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुड्या मिळतात त्या वापरल्यात तर आवाज बराच बसतो आणि माईकशिवाय गाणाराही ऐकू येतो.

सुरुवात तुमच्या हातात असेल. काठ्या उचलण्याआधी गाण्याचं धृपद मनात एकदा पूर्ण गुणगुणा, वेग तिथून घ्या. धाकधुकीत सगळेच वेगात मोजतात, म्हणून वाटेल त्यापेक्षा किंचित संथ. काठीवर काठी चार वेळा, एक, दोन, तीन, चार, आणि पुढच्या ‘एक’वर पाय. शेवट कुठं करायचा ते गायकाशी आधी ठरवून ठेवा. शेवटच्या ‘एक’वर बेस आणि क्रॅश एकत्र द्या, गायकाचा स्वर संपेपर्यंत झांज वाजू द्या, आणि स्वर थांबला की दोन बोटांनी तिची कड धरा.